इंजनाचं माहेर

शहागडच्या मिस्त्रीकडं कुणी बिघडलेलं इंजन घेऊन गेलं की तो इंजनाकडं बघायचाच नाही. आधी माणसाला खाली बसवायचा आणि विचारायचा, "ह्याचं माहेर कुठलं?"

नवा माणूस गोंधळायचा, कंपनीचं नाव सांगायचा.

"ते आडनाव झालं. माहेर विचारलं म्या."

म्हणजे इंजन आधी कुणाच्या विहिरीवर होतं, कोण चालवायचं, उन्हात असायचं का सावलीत, दुपारी विसावा मिळायचा का नाही, हे सगळं त्याला पाहिजे. लोक वैतागायचे. माझ्यासमोर एका बागायतदारानं त्याला सुनावलं होतं, "मिस्त्री, मला सोयरीक न्हाई करायची. मशीन चालू करायचंय." मिस्त्रीनं त्याला रस्त्याच्या पलीकडचं गॅरेज दाखवलं. "तिकडं जा. ते लोक कुंडली बघत न्हाईत."

असा तिरपागडा माणूस. मी त्याच्यावर चिडलो तेवढा कुणावर चिडलो नसेन. आणि आज सगळ्यात जास्त आठवतो तो त्याचाच माणूसपणा. बायको जाऊन वर्ष व्हायला आलं. पोरगी सासरी, पोरगा जालन्याला असतो, फोन करतो, पण फोनवर बोलून बोलून किती बोलणार. घरात मी एकटा. बायको आठवली की तिच्यामागं मिस्त्री आठवतोच. दोघांना वेगळं काढता येत नाही मला.

हायवेच्या कडंला एका भंगार ट्रकचं नुसतं तोंड पडलेलं होतं. चाकं नाहीत, इंजन नाही, मागचा हौदा नाही. त्या केबिनीत मिस्त्री राहायचा. ड्रायव्हरच्या सीटवर झोपायचा, क्लीनरच्या जागी स्टोव्ह. काम नसलं की स्टेअरिंगवर हात ठेवून पुढच्या काचेतून रस्ता बघत बसायचा. येणारेजाणारे ड्रायव्हर हॉर्न देऊन चेष्टा करायचे, "कुठवर आलास रे?" तो गंभीर तोंडानं सांगायचा, "आत्ताच निघालो."

घाईच्या माणसाचं काम तो घ्यायचा नाही. कुणी "जल्दी करो" म्हणालं की हातातला पाना खाली ठेवायचा. चहा बशीत ओतायचा, परत कपात ओतायचा, परत बशीत, बिलकुल गार झाला की प्यायचा. एक लांब लोखंडी गज होता त्याच्याकडं. त्याचं एक टोक चालू इंजनाला लावायचा, दुसरं कानाला, आणि डोळे मिटायचा. कधीकधी तसाच झोपून जायचा. मालक हळूच हलवून उठवायचा, तर म्हणायचा, "उगाच उठवलं. आत्ता कुठं आवाज बराबर यायला लागल्ता."

आता आमचं सांगतो.

आमचं गाव शहागडच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या काठावर. हायवेचा पूल शहागडला. आमच्याकडं पूल नव्हता. गावातल्या निम्म्या लोकांची शेतं पल्याड, आणि पल्याडच्या वस्त्यांना बाजार, दवाखाना, शाळा सगळं अल्याड. पुलावरून फिरून यायचं तर दिवस मोडायचा. म्हणून घाटावर एक नाव लागायची आणि ती आमच्या घराकडं होती. बापाच्या काळी वल्ह्याची होती. मी तिच्यात इंजन बसवलं.

इंजन सासऱ्याचं. हसनाबादला त्यांच्या विहिरीवर होतं. तिथं लाईट आली, मोटर बसली, इंजन गोठ्यात पडून राहिलं. सासरे म्हणाले, गंजण्यापेक्षा घेऊन जा. सुतारानं नावेच्या मधोमध बैठक केली, तिच्यावर इंजन, मागं दांडा, दांड्याला पाण्यात पंखा. डिझेलची टाकी बसायच्या फळीखाली सरकवली, कुणाच्या मधे येऊ नये म्हणून. दिसायला झकास झालं. बघायला पल्याडची माणसं आल्ती.

पण त्या इंजनाला एक खोड लागली. सकाळी थंड असताना एकदोन हँडलात चालू. एकदा तापलं आणि बंद केलं की संपलं. दंड भरून येईपर्यंत हँडल मारा, नुसतं फुसफुस करायचं. आणि पार गार झालं की परत पहिल्या हँडलला चालू, जणू काही झालंच नाही.

मग मी बंदच करायचो नाही. काठाला लागली तरी धडधडत ठेवायचो. माणसांचं भागायचं, पण जनावरांचं नाही. चालू इंजनाच्या नावेत म्हैस पाय ठेवत नाही. बैल तर कासरा तोडून पळतो. जनावर चढवायचं म्हणजे इंजन बंद करावं लागायचं, आणि बंद केलं की आम्ही सगळे उन्हात बसून राहायचो, जनावरासकट. मी बादलीनं त्याच्यावर नदीचं पाणी ओतायचो. कधी लागायचं, कधी नाही.

एकदा पल्याडहून म्हशी चढवल्या आणि इंजन लागेना. एक म्हातारा म्हणाला, "तुझ्या बापाचं वल्हं बरं होतं." मला राग आला. इंजनाच्या डोक्यावर एक कळ असते. हँडल मारताना ती उघडी ठेवायची म्हणजे आतली हवा निघून जाते, चाक हलकं फिरतं. चाकानं वेग धरला की मग पाडायची. रागात कळ आधीच पडली. हँडलनं उलटा झटका दिला आणि माझं उजवं मनगट मोडलं.

प्लॅस्टर घालून घरी आलो तर ओट्यावर बैठक बसलेली. माझ्या चुलतभावाची वल्ह्याची नाव तयारच होती. लोक म्हणाले, हात बरा होईस्तोवर त्याची लावू. ऐकायला सरळ आहे. पण घाट एकदा दुसऱ्याकडं गेला की परत येत नाही, हे सगळ्यांना माहीत. चुलतभावाला तर चांगलंच. आणि आमच्याकडं घाटाशिवाय काही नव्हतं. होती ती जमीन नदीनं बापाच्या डोळ्यादेखत खाल्ली होती.

बायको दारातून म्हणाली, "मी चालवते."

कुणी हसलं. ती परत म्हणाली, "सुकाणू मीच धरते रोज. नाव कुठून घालायची ते मला माहीत हाय."

गावातले एक मोठे होते, सगळे त्यांना काका म्हणायचे. ते म्हणाले, "सुनबाई, चालवशील तू. सकाळी कुणीबी हँडल मारून दील. पण पल्याड जाऊन बंद पडलं, तर तिथं काय करशील?"

मग काकाच म्हणाले, येत्या बाजाराच्या दिवशी बघू. त्या दिवशी नावेत गर्दी असते, जनावरं असतात. धड चालली तर घाट तुमचाच. अडकली तर तिथूनच दुसरी नाव. चुलतभाऊ म्हणाला, "मला काय घाई न्हाई." तो रोज नाव धूत होता.

इंजनाला आधी दोन मिस्त्री होऊन गेल्ते. एकानं नोजल बदलला, एकानं पिस्टनच्या रिंगा. बायकोनं कुठून ऐकलं की शहागडला कुणी धावड्याचा मिस्त्री आहे. धावडा, हसनाबाद, एकच भोकरदन तालुका. ती म्हणाली, "आपल्याकडचा हाय, येईल," आणि स्वतः जाऊन घेऊन आली. नदीकाठानं दोघं चालत आले. तो पुढं, खांद्याला हत्यारांची झोळी. ती मागं. येईपर्यंत ती त्याला भाऊ म्हणायला लागली होती, आणि मी दाजी झालो होतो.

माझ्या प्लॅस्टरकडं बघून म्हणाला, "कळ आधी पडली का?"

"हां."

"मंग हँडलला शिव्या देऊ नको." खाली बसला. "ह्याचं माहेर?"

"हसनाबादचं," मी म्हणालो. "सासऱ्याच्या विहिरीवरचं. आता चालू करा."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग शेजाऱ्याकडून इंजन चालू करून घेतलं आणि बायकोला नाव पल्याड-अल्याड फिरवायला लावली. "थंडपणी ते निरोगी हाय. निरोग्याला काय तपासू?" चांगलं तापल्यावर बंद केलं. मी सवयीनं बादली उचलली.

"ठेव ती खाली."

"पाणी टाकलं की कधी कधी लागतं."

"दाजी, बैल नांगराचा सोडला की लगेच पाणी दावतो का तू?"

"न्हाई. दम खाऊ देतो."

"का?"

"पोट धरतं त्याचं."

"बैलाचं पोट कळतं तुला. ह्याचं डोकं तडकलं तर नवीन कुठून आणशील, सासऱ्याकडून?"

शेजारी हसला. माझी बायकोपण हसली, पदर तोंडाला लावून. मला ते झोंबलं.

मिस्त्रीनं एक फडकं ओलं केलं, पिळलं, आणि नुसतं डिझेलच्या पंपावर गुंडाळलं. बाकी कुठं थेंब लागू दिला नाही. पंप गार झाल्यावर हँडल मारायला लावलं. फुसफुस. "पंप बिचारा निर्दोष हाय," म्हणाला, आणि झोळी उचलली.

मी म्हणालो, "मिस्त्री, अजून उन्हं हायती."

"आजचं झालं."

"काय झालं? फडकं लावलं नुसतं."

"एका दिवशी एक. दोन गोष्टी केल्या आन लागलं, तर कशानं लागलं ते तुला कोण सांगल? तुझा चुलतभाऊ?"

आणि गेला. खरंच गेला. मी बायकोवर ओरडलो, "हा माणूस आणलास तू? बाजार तोंडावर आला." ती म्हणाली, "बोलतो वाकडं, पण बघितलं सरळ."

दुसऱ्या दिवशी परत तेच, नाव तापेपर्यंत फिरवली. बंद करून न लागल्यावर त्यानं पंपाजवळचा नट जरा ढिला केला. डिझेल सरळ यायला पाहिजे, तर फेस आला, धारेच्या दुधावर येतो तसा. "हवा धरली ह्यानं," म्हणाला. थंड असताना तोच नट सोडला होता तेव्हा डिझेल नितळ आलं होतं. म्हणजे हवा तापल्यावरच शिरत होती. त्यानं सगळे सांधे उघडून नवीन वॉशर घातले. मला वाटलं झालं. तापवलं, बंद केलं, हँडल मारलं. फुसफुस. झोळी उचलून गेला.

तिसऱ्या दिवशी आला तो नावेकडं गेलाच नाही. अंगणात बसला आणि मला म्हणाला, "दाजी, तू मला अर्धवट सांगितलं. आता गप बस. माय, तू इकडं ये. तुझ्या बापाच्या इंजनाचं सांग."

बायको भांडी घासत होती. राखेचे हात घेऊन समोर बसली. आणि सांगायला लागली ते सांगतच बसली. इंजन आलं तेव्हा ती लहान होती. त्याला हळदकुंकू वाहिलं. तिची आई त्याच्यातून पडणाऱ्या गरम पाण्याखाली गोधड्या धुवायची. दुपारी बाप जेवायला यायचा तेव्हा बंद करायचा, जेवून गेला की लगेच चालू.

मिस्त्री म्हणाला, "थांब. जेवून गेल्यावर लागायचं? तापलेलं?"

"कधीच अडलं न्हाई."

"कोण हँडल मारायचं?"

"बाबा. मी कळ पाडायचे. बाबा म्हणायचे पाड, की पाडायची."

हे मला माहीत नव्हतं. लग्नाला एवढी वर्षं झाली, दोन पोरं झाली, आणि माझी बायको लहानपणी त्याच इंजनाची कळ पाडायची हे मला त्या दिवशी कळलं. मी कधी विचारलंच नव्हतं.

मिस्त्री विचारत गेला. धूर कसा असायचा. इंजनावर छप्पर होतं का. नाही, लिंबाखाली होतं. डिझेल कोण भरायचं. ती म्हणाली, "बाबाच. पण किती हाय ते बघायचं काम माझं. बाबा मला खांद्यावर घ्यायचे, मी टाकीत ज्वारीचं चिपाड बुडवून बघायचे, किती ओलं झालं."

"खांद्यावर कशाला?"

"वर होती ना टाकी. लिंबाच्या फांदीला टांगल्याली."

मिस्त्री उठला. हातपाय झटकले. "ऐकलं का दाजी? माहेरी डोक्यावर होती ती. तू आणून पायाखाली घातली."

मग आम्हाला नावेत नेऊन बोटानं दाखवलं. टाकी फळीखाली, पंपाच्या जवळजवळ बरोबरीनं. तिथून निघालेली नळी सायलेन्सरला घासून वर चढलेली, मग पंपाकडं उतरलेली. इंजन चालू असताना डिझेल वाहत राहतं, नळी तापत नाही. बंद केलं की डिझेल जागच्या जागी थांबतं, सायलेन्सरची आग नळीला लागते, आत बुडबुडे होतात आणि त्या चढावर अडकून बसतात. त्यांना ढकलायला वरून डिझेलचा भार नाही. टाकी उंच असली, नळी सरळ खाली आली, तर बुडबुडा आपोआप वर निघून जातो. लहान पोरालासुद्धा कळेल असं सांगितलं त्यानं. दोन्ही आधीचे मिस्त्री चांगले होते. पण टाकी दुसरीकडं कधी होती हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही विचारलं नव्हतं.

सुतारानं बाभळीचा खांब ठोकला, टाकी माणसाच्या डोक्याच्या वर बसवली, नळी सायलेन्सरपासून लांबून सरळ उतरवली. हे होईपर्यंत संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी बाजार.

मी म्हणालो, "आता तापवून बघू."

मिस्त्री म्हणाला, "आजची एक गोष्ट झाली."

मी अक्षरशः हात जोडले, एक प्लॅस्टरचा, एक चांगला. "मिस्त्री, उद्या सगळं गाव असंल."

"मंग उद्या बघू, गावासंगं," म्हणाला. पण लगेच गेला नाही. बायकोला हँडलजवळ बोलावलं. "माय, जातं ओढतीस ना? जोर लावतीस का त्याला?"

"न्हाई. लय लागली की फिरतं."

"तसंच हे. दंडानं न्हाई, कमरंनं फिरव. आन अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव. दाजीसारखी मूठ आवळू नको. उलटं फिरलं तर नुसतं हातातून सुटंल." तिनं कळ उघडी ठेवून चाक फिरवलं. पहिल्यांदा हललं नाही. मग पाय फाकवून उभी राहिली, पदर खोचला, आणि जात्यावर बसल्यासारखी कमरेतून झुलली. चाक फिरलं. चालू करू दिलं नाही त्यानं, नुसतं फिरवायला लावलं. परत, परत. ती दमली तेव्हा म्हणाला, "बास."

त्या रात्री आम्ही दोघं फारसं जेवलो नाही.

बाजाराच्या दिवशी घाटावर माणूस मावत नव्हतं. काका आल्ते. चुलतभाऊ आपली नाव काठाला लावून तयार, वल्हं हातात. बायकोनं स्वतः हँडल मारलं, थंडच होतं, लागलं. पल्याडला एक खेप गेली, भरून आली. बंद केलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला मिस्त्री नावेत चढला. मी चढायला लागलो तर म्हणाला, "तू ऱ्हा काठावर. तुझं तोंड बघून तिचा हात चुकंल."

म्हणून मी काठावर. आता सांगतो ते मी बघितलं त्याहून जास्त ऐकलं.

नाव धडधडत गेली. बायका होत्या, दुधाचे कॅन होते, दोन शेळ्या, पल्याडची एक बाळंतीण माहेराहून निघालेली. वरून धरणाचं पाणी सुटलेलं होतं, मधे ओढ होती. नाव बरोबर मधे गेली आणि आवाज थांबला.

धडधड असताना नदी ऐकू येत नाही. धडधड थांबली आणि पाण्याचा आवाज आला. नाव हळूहळू तिरकी व्हायला लागली, खाली वाहायला लागली. चुलतभाऊ म्हणाला, "काका, जाऊ का मी?"

काकांनी माझ्याकडं बघितलं. मी नावेकडंच बघत होतो. नावेत बायको उभी दिसत होती, मिस्त्री दिसत होता, पण तो तिच्याकडं बघत नव्हता. तिच्याकडं पाठ करून, खालच्या अंगाला तोंड करून बसलेला. मला वाटलं ह्या माणसानं हात टेकले.

चुलतभावानं दोर सोडला.

तेवढ्यात एक धड झालं. मग थांबलं. मग धड, धड, आणि मग एकसारखं. काळ्या धुराचा एक गोळा वर गेला, नाव सरळ झाली, पल्याडला लागली. तिथं तिनं परत बंद केलं, म्हैस चढवली, परत चालू केलं. हे आम्हाला इकडून दिसलं. काकांनी दोराकडं बोट केलं आणि चुलतभावाला म्हणाले, "बांध तुझी." तो बांधायला लागला. खरं सांगायचं तर मलाच त्याची दया आली.

परत आल्यावर बायकोनं सांगितलं ते असं. मधे गेल्यावर मिस्त्री म्हणाला, "माय, बंद कर." तिला वाटलं चेष्टा. "भाऊ, ओढ हाय इथं." "म्हणूनच म्हणतो." तिनं बंद केलं. मग तो वळला आणि पाठ करून बसला. बायका ओरडायला लागल्या तेव्हा त्यांनाही म्हणाला, "तिकडं बघा, पाणकोंबड्या हायत." पहिल्या हँडलला कळ लवकर पडली आणि हँडल हातातून सुटून गेलं, अंगठा वाचला. दुसऱ्याला लागलं.

मी मिस्त्रीला म्हणालो, "काठावर बघितलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"काठावर तू होतास. तिनं हँडल एकदा मारून तुझ्याकडं बघितलं असतं. मधे कुणाकडं बघणार?"

"आन लागलं नसतं तर?"

"लागणार होतं," म्हणाला, आणि चहा मागितला. गार होईपर्यंत बशी-कप, बशी-कप.

भाऊबीजेला तो यायला लागला. बायको ओवाळायची. ओवाळणीत त्यानं कधी साडी घातली नाही. एका वर्षी तांब्याचे नवे वॉशर दोऱ्यात ओवून आणले, माळेसारखे. एका वर्षी नळीचा तुकडा, "जपून ठेव, लागंल." शेजारणी हसायच्या. बायको म्हणायची, "माझ्या भावाला माझं दुकान माहीत हाय." खुंटीला ती माळ लटकलेली असायची, आणि लागेल तसा एकेक वॉशर कमी व्हायचा.

पुढं हायवेचं काम निघालं, त्याची केबिन उचलून नेली. तो धावड्याला पुतण्याकडं गेला. आम्ही दोघं एकदा भेटायला गेलो. कानानं कमी ऐकायला यायला लागलं होतं, डोळेही गेले होते. बायकोच्या तब्येतीची चौकशी केली नाही, पोरांची केली नाही. तिचा हात धरून विचारलं, "तापल्यावर लागतं ना?" ती ओरडून म्हणाली, "लागतं, भाऊ." "मंग ठीक हाय." तेवढंच. काही महिन्यांनी गेल्याचा निरोप आला. बायको दिवसभर नावेवर गेली नाही, तेव्हा पहिल्यांदा.

माझं प्लॅस्टर निघालं त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. मी हाताला तेल लावून घाटावर गेलो, हँडल घ्यायला. मिस्त्री योगायोगानं तिथं होता. म्हणाला, "दाजी, ते सोड."

"का? हात बरा झाला."

"तुझा झाला. आता त्याला तिच्या हाताची सवय लागली. दोघांनी चालवलं की कळ कुणाची लवकर, कुणाची उशिरा, इंजन बिघडतं. एकाच हातात ऱ्हाऊ दे."

ते खरं होतं का त्याचं वेड होतं, मला आजही माहीत नाही. पण मी ऐकलं. बायको इंजनावर बसली आणि मी पुढं काठी घेऊन, दोर सांभाळत, माणसं चढवत-उतरवत. पुढं आमच्या गावाला पूल झाला आणि नाव गेली, तोवर हे असंच चाललं. इंजनाच्या आवाजात बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून आम्ही बोलायचो नाही. ती पाण्याकडं बघायची, मी उलट्या तोंडानं बसायचो, तिच्याकडं. गावातल्या बाकीच्या गड्यांना आपली बायको जेवायच्या वेळंला दिसायची. मला ती इतकी वर्षं, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत, समोर दिसत होती. हे मला मिस्त्रीनं दिलं, आणि ते मी त्याला कधी सांगितलं नाही, कारण तेव्हा मला ते समजलं नव्हतं.